बोळा जेवत नाही!

मी दिलेलं भांडं पुढे ठेवलं आणि समोरचा उपाशी उठला, असं आजवर झालेलं नाही! हे मी गर्वाने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. माझं ठाम मत असं, की जेवणाची चव स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात नसते, ती ताटाच्या चकाकीत असते. हे मत मी एकदा जेवता जेवता बायकोसमोर बोलून दाखवलं. पुढचे काही दिवस मला ताटाची चकाकी अगदी स्पष्ट दिसत होती, कारण ताटात दुसरं फारसं काही नसायचंच. पण मत बदललं नाही!

आमच्या घरात प्लास्टिकला बंदी आहे. बादली स्टीलची, साबणाची डबी स्टीलची, दात घासायचे ब्रश उभे करायचा पेला स्टीलचा. कचऱ्याचा डबासुद्धा असा, की त्यात काही टाकायला जीव होत नाही. पहिल्यांदा आलेले पाहुणे आधी केस सारखे करतात, कारण जिकडे बघावं तिकडे त्यांना स्वतःचंच दर्शन होतं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी पावडर आणि फडक्याचा बोळा घेऊन बसतो आणि घरातलं एकेक भांडं घासून लखलखीत करतो. लोक व्यायाम करतात, मी हे करतो.

दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक प्लास्टिकवाला आहे. लाल, पिवळे, हिरवे डबे फुटपाथपर्यंत रचून ठेवतो. आम्ही एकमेकांना रोज सकाळी शटर उघडताना बघतो आणि रोज सकाळी लगेच दुसरीकडे बघतो. एवढे आमचे संबंध. आता मूळ गोष्टीकडे वळतो.

आमची मुलगी शिकायला दूर गेली आणि घर एकदम शांत झालं. बायको घरीच कपडे शिवून देते, लांबी-रुंदी कमी-जास्त करून देते. मुलगी गेल्यापासून घरात तिचं शिलाई मशीनच काय ते बोलत होतं. बायकोला लहानपणापासून कुत्रं हवं होतं. आधी तिच्या वडिलांनी नाही म्हटलं, मग मी. माझं कारण साधं होतं, भांड्यांवर केस पडतात. पण या वेळी तिने मागितलंच नाही. नुसती खिडकीशी बसून रस्त्यावरची कुत्री बघायची. ते काही मला बघवेना. शेवटी मीच तिच्या मोठ्या बहिणीला फोन केला. तिच्या कुत्रीला नुकतीच पिल्लं झाली होती.

ही माझी मेव्हणी म्हणजे प्रसूतिगृहातली मोठी नर्स. आवाज असा, की नवजात बाळंसुद्धा तिने सांगितल्यावरच रडत असतील. बुधवारी ती टोपलीत पिल्लू घेऊन आली. करडं, मऊ, कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळू नये असं! आमच्याबरोबर राहणाऱ्या माझ्या आईने एकदा टोपलीत डोकावलं आणि म्हणाली, "अरे, हा तर तुझा भांडी पुसायचा बोळा!" झालं, नाव पडलं. बोळा!

"भावोजी, अट ऐकून घ्या," मेव्हणी म्हणाली. "रविवारी मी येणार. वजन करणार. जरा जरी घटलं असेल ना, तर उचलून परत घेऊन जाणार. पिल्लू आहे, शोभेची वस्तू नाही."

"ताई, रविवारी त्याला उचलायला सोबत कुणाला तरी घेऊन या!" मी म्हणालो. "एका माणसाला नाही झेपणार तो!"

 बायकोने बोळ्याला गालाशी धरलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी मुलगी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. बोळा राहणार, हे माझ्यापुरतं तिथेच पक्कं झालं. प्रश्न फक्त जेवणाचा होता, आणि जेवण म्हणजे तर आपला प्रांत!

पिल्लांचं खाणं मेव्हणीनेच दिलं होतं. ते कोमट पाण्यात भिजवून मऊ केलं. मी एक पसरट वाडगं निवडलं, घासलं, पुसलं, पुन्हा घासलं. मध्ये मूठभर खाणं आणि भोवती सगळा लखलखाट. बोळ्यापुढे ठेवलं. बोळा लुटूलुटू धावत आला. वाडग्यात डोकावला. शेपूट हलवली. मग दोन पावलं मागे सरकला आणि वाडग्याकडे बघत खाली बसला.

"जेवतोय का रे?" आईने आतून विचारलं.

"विचार करतोय," मी म्हणालो.

बोळ्याचा विचार काही संपेना. तो नुसता बसून राहिला. मध्येच उठायचा, वाडग्यात बघायचा, पुन्हा येऊन बसायचा. शेपटीने फरशी मात्र मन लावून पुसत होता.

"अहो, काहीतरी चुकतंय," बायको म्हणाली.

"काही चुकत नाही. सगळे असे टक लावून बघत बसल्यावर कोण जेवेल? मी तरी जेवीन का?"

"तुम्ही जेवाल," बायको म्हणाली.

तरी आम्ही तिघंही दाराआड गेलो. एकाच्या डोक्यावर दुसरं, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरं अशी डोकी काढून बघत राहिलो. बोळा तसाच बसला होता, बस लवकर येणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसासारखा. खाणं सुकून गेलं. शेवटी बायकोने बोट दुधात बुडवून त्याच्या तोंडाशी धरलं, तेव्हा ते त्याने चटचट चाटलं. तेवढाच आधार!

"हातावर भरवायची सवय लावू नकोस," मी बजावलं. "या घरात जेवण भांड्यातूनच होतं."

गुरुवारी सूत्रं आईने हातात घेतली. "तूसुद्धा लहानपणी असाच होतास," ती मला म्हणाली. "अर्धं घर फिरवून भरवावं लागायचं. सरक बाजूला." तिने चकचकीत चमचा घेतला, त्यात खाणं घेतलं आणि सुरू केलं, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा..." बोळ्याने चमच्यात पाहिलं आणि तो शहाण्यासारखा मागे सरकून बसला. आई त्याच्या मागे, चमचा पुढे, चिऊ-काऊ संपले, पोपट आला, मैना आली. बोळा दर घासाला मागे सरकत सरकत थेट न्हाणीघरात पोचला आणि तिथल्या ओल्या फरशीवरचं पाणी चाटू लागला.

"मी खाऊन दाखवते, म्हणजे त्याला समजेल," असं म्हणत आईने तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला!

"आई!" मी आणि बायको एकदम ओरडलो.

आईने शांतपणे चावून पाहिलं, गिळलं आणि म्हणाली, "यात मीठच नाही! बिचारा कसा खाणार?"

दुपारी बोळ्याला काखेत मारून मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पोट दाबलं, कान उलटे करून पाहिले, दात पाहिले. तेवढ्यात बोळ्याने त्यांचं बोट चाटून घेतलं.

"ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले. "दूध चाटतोय ना? मग लगेच घाबरायचं कारण नाही. नवं घर आहे, नवी माणसं आहेत. जागा बदलून बघा. भांडं बदलून बघा. तरी नाही खाल्लं तर परत घेऊन या, मग मात्र मला लक्ष घालावं लागेल."

भांडं बदलून बघा! ऐकलंत? एवढे शिकलेले डॉक्टर, पण शेवटी माझ्याच मतावर आले! मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली. चूक माझीच होती. मी पिल्लापुढे रोजच्या वापरातलं भांडं ठेवलं होतं. ज्याला आवडीनिवडी आहेत त्याच्यापुढे कोण असं भांडं ठेवतं?

मी तसाच दुकानात गेलो आणि दर्शनी काचेतलं वाडगं बाहेर काढलं. हे वाडगं विकायचं नाही. ते फक्त दाखवायचं. त्यात बघून मी दाढी केलेली आहे! घरी आणून त्यावर आणखी हात फिरवला, इतका की त्यात बघताना डोळे बारीक करावे लागत होते. जागाही बदलली. खिडकीखाली, ऐन उजेडात ठेवलं.

बोळा आला. डोकावला. शेपूट अशी जोरात हलली, की सगळं मागचं अंगच हललं. "बघ! आवडलं!" मी बायकोला म्हणालो. त्यावर बोळा मागे सरकला, यावेळी बसलाही नाही, सरळ आडवा झाला, पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि त्याने एक भलामोठा उसासा सोडला.

शुक्रवारी मी एकामागोमाग एक पाच-सहा वाडगी बदलून पाहिली. खोल, उथळ, कडेचं, बिनकडेचं. प्रत्येकाची तीच गत. संध्याकाळी दुकानातून परत आलो तर मशीनचा आवाज नाही. बायको बोळ्याला मांडीवर घेऊन बसली होती. शिवायचे कपडे तसेच पडले होते.

"हलका लागतोय हो," ती म्हणाली. "ताई रविवारी घेऊन जाणार त्याला. आणि तिचं काही चुकणार नाही. उपाशी ठेवण्यापेक्षा नेलेला बरा."

"कोण नेतंय! अजून शनिवार पडलाय सगळा," मी ठणकावून सांगितलं. पण खरं सांगतो, घास मलाही गोड लागला नाही. ताट चकचकीत असूनसुद्धा!

शनिवारी मी निश्चय केला. गिऱ्हाईक दुकानात येऊन परत का जातं, हे कळायला गल्ल्यावर बसून उपयोग नसतो, दारातून गिऱ्हाईक होऊन आत यावं लागतं. तेव्हा बोळ्याला काय दिसतं ते बोळ्याच्या उंचीवरूनच बघायचं! खिडकीखाली वाडगं भरून ठेवलं होतंच. मी पालथा झोपलो, कोपरांवर सरपटत पुढे गेलो आणि वाडग्यात तोंड घातलं.

आतून एक राक्षस माझ्याकडे बघत होता! नाक भोपळ्याएवढं, डोळे दोन कडांना, कपाळ नाहीच!

"बाप रे!" मी ओरडलो. "काय भयानक तोंड आहे!" आणि दचकलो तो पुढेच, नाक थेट भिजवलेल्या खाण्यात!

नेमक्या त्याच क्षणी दारात शाळेतल्या मोठ्या बाई उभ्या होत्या. हातात उंची कमी करायला आणलेला स्कर्ट. त्यांना दिसलं ते असं: भांड्यांच्या दुकानाचे मालक जमिनीवर पालथे, नाकाला कुत्र्याचं खाणं, शेजारी कुत्रं नंबर लावून बसलेलं आणि मालकीणबाई कमरेवर हात ठेवून वर उभ्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी नंतर येते हं. यांचं जेवण होऊ दे."

"अहो बाई, तसं नाही!" मी उठेपर्यंत त्या जिना उतरूनही गेल्या होत्या.

पण मला त्याची फिकीर नव्हती. मला उलगडा झाला होता! "अगं, आत पिल्लू आहे!" मी नाक पुसत बायकोला सांगितलं. "बोळा वाडग्यात बघतो, तर आतून दुसरं पिल्लू त्याच्याकडे बघतं! घाबरतोय तो! मी एवढा मोठा माणूस घाबरलो, त्याचा काय पाड!"

बायकोने वाडग्यात पाहिलं, बोळ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तुम्ही वाडगं घासून घासून त्याची भीती अजूनच वाढवत होतात!"

मी नाक आणखी एकदा पुसलं.

"आता एक साधं, मळकं भांडं आणा," ती म्हणाली.

साधं, मळकं भांडं! आमच्या घरात! आम्ही तिघांनी सगळी कपाटं उपसली. झाकण्या बघितल्या, जुने डबे बघितले, माळ्यावरची अडगळ बघितली. आपली अडगळसुद्धा इतकी चमकते, याचा मला आयुष्यात पहिल्यांदा वैताग आला. पेपरवर खाणं ठेवून पाहिलं. बोळ्याला पेपर फारच आवडला. तो त्याने फरफटत नेला, झटकला, फाडला. खाणं गेलं कपाटाखाली आणि पेपर गेला पोटात.

"पॉलिशपेपर घे आणि खरवड ते वाडगं," आईने फर्मान काढलं.

मी पॉलिशपेपर घेतला. वाडगं मांडीवर घेतलं. हात उचलला. पुन्हा खाली ठेवला. पुन्हा उचलला. नाही हो, नाही झालं! आपण ज्याला इतकी वर्षं न्हाऊमाखू घातलं त्याच्या अंगावर ओरखडा काढायचा?

"बरं मग," बायको म्हणाली. तिने बोळ्याला टोपलीत ठेवलं आणि टोपलीतलं पांघरूण झटकून नीट घडी करून घातलं. उद्या न्यायला बरं पडावं म्हणून. ते बघितलं आणि मी चपला घातल्या.

मी रस्ता ओलांडला! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भर दुपारी, उजेडात, सगळ्यांच्या देखत.

वाटलं होतं, या वेळी दुकान रिकामं असेल, पटकन घेऊन निघू. आत गेलो तर गर्दी! आणि गर्दीच्या मधोमध मोठ्या बाई! मला बघून सगळे एकदम गप्प झाले. आत्ता इथे आपलंच बोलणं चाललं होतं, हे समजावं अशा पद्धतीने गप्प.

प्लास्टिकवाला गल्ल्यामागून बाहेर आला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्टूल पुढे केलं. "बसा. पाणी घ्या," तो म्हणाला. "कळलं मला सगळं. असतं संसारात. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"काय असतं संसारात?"

"हेच... खाली जमिनीवर... वाडग्यात..." पुढे त्याला बोलवेना.

"अहो, ते कुत्र्याचं वाडगं होतं!" मी ओरडलो.

"हो ना," त्याने डोळे मिटले. "तेच सांगितलं बाईंनी."

गर्दीतून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. खुलासा करायला वेळ नव्हता. मी उठून उभा राहिलो आणि जे बोलायला मला एरवी भूल द्यावी लागली असती ते बोलून टाकलं, "मला एक वाडगं द्या. प्लास्टिकचं. अजिबात चमकणारं नको."

 प्लास्टिकवाल्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "माणसाला निदान स्वतःचं वेगळं वाडगं असावं." त्याने वरच्या फळीवरून एक मंद हिरवं, जाडजूड वाडगं काढलं, फुंकर मारली, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "झाकणही देतो. उरलं तर ठेवता येईल. आणि हे बघा, जेवायला आमच्याकडे यायचं. रोज आलात तरी चालेल. परकं वाटायचं नाही तुम्हाला. आमच्या घरातली झाडून सगळी भांडी तुमच्याच दुकानातली आहेत. बायको प्लास्टिकला हात लावत नाही."

एरवी ही बातमी मला महिनाभर पुरली असती! मी दुकानावर पाटी लावली असती! पण त्या क्षणी मी नुसतं "बरं" म्हणालो आणि पळत सुटलो. पाठीमागून बाईंचा आवाज आला, "बघा, किती भूक लागलीय बिचाऱ्यांना!"

घरी आलो. हिरव्या वाडग्यात खाणं घातलं. फरशीवर ठेवलं. बोळा आला. डोकावला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. वाडग्याच्या मागे जाऊन आला. मग त्याने मान खाली घातली आणि जेवायला लागला! असा जेवला, असा जेवला, की वाडगं पुढे आणि हा मागे, अशी दोघांची वरात स्वयंपाकघरातून निघून शिलाई मशीनखाली गेली. आम्ही मागोमाग. रिकामं वाडगं त्याने इतकं चाटलं, की आता हेही चमकायला लागतं की काय, अशी मला धास्ती वाटली.

बायको जमिनीवर बसली आणि पदराने डोळे पुसत हसत सुटली. "जेवला हो! जेवला!" मला फार आनंद झाला. इतका, की घरात प्लास्टिक आहे हे मी पूर्ण विसरलो.

पण रविवार अजून बाकी होता. एका दिवसाच्या जेवणात इतक्या दिवसांचं भरून निघायला हवं होतं. रविवारी मी सकाळपासून बोळ्याच्या मागे लागलो. थोडं थोडं, पुन्हा थोडं थोडं. मेव्हणीच्या पायांचा आवाज जिन्यात आला तेव्हा बोळ्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. मी त्याला अलगद उचलून धरलं. आता याला हलू द्यायचं नाही, तसाच काट्यावर चढवायचा!

मेव्हणीने पिशवीतून हुक असलेला वजनकाटा काढला, कापडाची झोळी काढली, चष्मा काढला, तो पुसला. तिला कसलीच घाई नव्हती. बोळ्याला होती. माझ्या शर्टावर काहीतरी कोमट वाटलं.

"अरे थांब! पाच मिनिटं थांब!" मी ओरडलो. "ताई, लवकर! वजन चाललंय!"

पण बोळ्याने जे होतं ते सगळं माझ्या अंगावर मोकळं केलं. शर्ट संपला, पँट सुरू झाली. मी हताशपणे बायकोकडे पाहिलं. ती नखं खात होती. बोळा झोळीत गेला. झोळी हुकावर गेली. काटा हलला, वर गेला, खाली आला, आणि मेव्हणी डोळे बारीक करून बघत राहिली. माझ्या अंगावरून वाहून गेलेलं तेवढं वजन त्यात धरावं, असं मी सुचवणार होतो.

"जरासं वाढलंय," ती म्हणाली. "फार नाही. पण वाढलंय."

बायकोने झोळीसकट बोळ्याला मिठीत घेतलं. आईने "मीठ घातलं असतं तर अजून वाढलं असतं" असं सांगून टाकलं. आणि मी, ओल्या कपड्यांनिशी, छाती पुढे काढून मेव्हणीला माझा शोध सांगायला सुरुवात केली. वाडग्यातली चकाकी, चकाकीतलं पिल्लू, पिल्लाची भीती, माझं पालथं झोपणं, सगळं! डॉक्टरांनासुद्धा जे नेमकं सांगता आलं नाही ते मी नाक खुपसून शोधलं होतं!

मेव्हणी ऐकत होती. मग म्हणाली, "आणा बघू ते वाडगं."

मी आणून दिलेलं दुकानाच्या काचेतलं वाडगं तिने फरशीवर ठेवलं. बोळा खाली उतरला, आत डोकावला. शेपूट हलली. दोन पावलं मागे आला आणि बसला.

"घाबरलेलं पिल्लू शेपूट पायांत घालतं, भावोजी," मेव्हणी म्हणाली. "हा हलवतोय. ओळखीचं कुणी दिसल्यासारखा."

"मग मागे का सरकतो?"

मेव्हणीचा आवाज एकाएकी खाली आला. मी तिला इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आमच्याकडे सगळी पिल्लं एकाच ताटात जेवायची. हा सगळ्यांत लहान. याचा एक भाऊ आहे, अगदी याच्यासारखाच दिसायला, पण दांडगा. तो जेवायचा आणि हा शेजारी बसून राहायचा. भावाचं झालं, की मग हा पुढे व्हायचा. मी कितीदा याला पुढे ढकलायचे. हलायचा नाही." तिने बोळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "त्याला वाडग्यात भाऊ दिसला. भावाचं जेवण होण्याची वाट बघत होता तो."

 बोळा वाडग्याकडे बघत शेपटीने फरशी पुसत होता.

"म्हणजे सख्ख्या भावाला ओळखता यावं इतकं स्वच्छ दिसत होतं तर!" मी म्हणून पाहिलं. कुणी हसलं नाही. मलाही नाही हसू आलं. बायको म्हणाली, "इतके दिवस उपाशी राहिला, पण आधी नाही जेवला," आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले.  एवढासा जीव, कुठून आलं याच्यात हे? मी गुपचूप ते वाडगं उचललं आणि उंच कपाटावर पालथं घालून ठेवलं.

कपडे बदलून आलो तोवर आईने जेवणाची तयारी केली होती. मेव्हणी थांबली होती. मी माझ्या जागेवर बसलो. आईने मला वाढलं. सकाळपासून बोळ्याच्या मागे पळून पळून भूकही सणकून लागली होती.

"काही म्हणा, ताई," पहिला घास तोंडात टाकत मी म्हणालो, "माणसांनी शिकण्यासारखं आहे हो या मुक्या जनावराकडून!"

दाद घ्यायला मी वर पाहिलं. मेव्हणी आणि बायको रिकाम्या ताटांपुढे बसल्या होत्या. आई अजून हातात पळी घेऊन उभीच होती. तिघीही माझ्याकडे बघत होत्या. बोळासुद्धा बघत होता.

घास तोंडातच होता. गिळावा की थांबावा, तेच मला कळेना.